विश्लेषण : युद्धावरून परतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल वर्षभरात का कोसळल्या? आणि पुन्हा कशा सावरल्या?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांत मेणबत्त्या, दिवे लावले जातात, शपथ घेतली जाते आणि हातात दिवा घेतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते. त्या चित्रातला काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा आहे. युद्धावरून परतल्यानंतर नाइटिंगेल आणखी ५४ वर्षे जगल्या आणि त्यातली बरीच वर्षे त्यांनी आजारी अवस्थेत, अंथरुणातून काम करत काढली. वयाच्या ३७ व्या वर्षी पार थकून गेलेली ही बाई ९० वर्षे जगली. मधल्या काळात काय घडले, त्याची ही गोष्ट.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेसाठी हा शब्द अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे नोंदवली. शक्ती संपून जाणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, तर कामाशी संबंधित अवस्था म्हटले आहे. म्हणजे दोष माणसात शोधण्याआधी कामाच्या मांडणीत शोधायचा.

नाइटिंगेल यांच्या काळात हा शब्द नव्हता. त्यांना बर्नआउटच झाला होता, असेही आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण त्यांना शरीराचा खरा आजारही होता. पण त्यांच्या आयुष्यात थकवा, त्याची कारणे आणि सावरण्याचा मार्ग इतका स्पष्ट दिसतो, की आज घर आणि नोकरी या दोन्ही टोकांना ओढल्या जाणाऱ्या स्त्रीला त्यात आपले बरेच काही सापडते.

पहिला थकवा कामाचा नव्हता?

नाही. तो काम न मिळाल्याचा होता. नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतील फ्लोरेन्स शहरातला. त्या शहरावरूनच नाव ठेवले गेले. कुटुंब श्रीमंत, इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर येथे दोन मोठी घरे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लोरेन्स यांना गणिताची विशेष ओढ होती.

एवढे शिकवून पुढे करायचे काय, याचे घराकडे एकच उत्तर होते : लग्न. १८४५ मध्ये त्यांनी सॉल्सबरीच्या रुग्णालयात शिकायची परवानगी मागितली. आई आणि बहिणीने घर डोक्यावर घेतले. त्या काळी रुग्णालयातली नर्स म्हणजे अशिक्षित, बहुधा दारूच्या आहारी गेलेली बाई असा समज होता. परवानगी मिळाली नाही. पुढची काही वर्षे पाहुण्यांची सरबराई, जेवणावळी आणि बैठकीतल्या गप्पा यात गेली. पहाटे उठून त्या चोरून रुग्णालयांचे अहवाल वाचत. मन दिवास्वप्नांत हरवू लागले, जगणे नकोसे वाटू लागले. नात्यातल्या आणि ओळखीतल्या सगळ्यांना पसंत असलेले एक स्थळ त्यांनी १८४९ मध्ये नाकारले, तेव्हा घरातली नाराजी आणखी वाढली.

स्नेही असलेल्या ब्रेसब्रिज दाम्पत्याने त्यांना इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाला नेले. परतताना १८५० मध्ये त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील सेवासंस्थेत दोन आठवडे काढले आणि १८५१ मध्ये तिथेच तीन महिने प्रशिक्षण घेतले. पहाटे पाचला उठायचे, साधे जेवण, दिवसभर रुग्णांची कामे. तब्येतीने नाजूक समजली जाणारी ही मुलगी तिथे टवटवीत झाली. प्रवासाने मन हलले होते, पण मनासारखे काम मिळाल्यावर त्या उभ्या राहिल्या. विश्रांती आणि रिकामपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा दिसते.

हार्ली स्ट्रीटवर त्यांनी काय बदलले?

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पगार नव्हता. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले होते, त्यावर त्या स्वतंत्र राहू शकल्या.

तिथे रुजू होण्याआधीच त्यांनी इमारतीत काय हवे ते कळवले होते. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यायला हवे. जेवण वर नेण्यासाठी छोटी लिफ्ट हवी. रुग्णाने घंटा वाजवली की कोणी वाजवली ते बाहेरच्या बाजूला तिथल्या तिथे दिसायला हवे. कारण साधे होते. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर रुग्णाकडे पाहायला ती उरणार कुठून? थकलेल्या बाईला धीर धरायला सांगण्यापेक्षा तिच्या फेऱ्या कमी करा, हा विचार १८५३ चा आहे.

स्कुटारीत काय घडले?

क्रिमियाच्या युद्धात जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेल यांना पाचारण केले. ३८ परिचारिकांसह त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदारला पोहोचल्या. बराकीचेच रुग्णालय केलेले होते. खाटा कमी, कपडे नाहीत, साबण नाही, खाली तुंबलेली गटारे.

त्यांनी स्वयंपाकघर उभारले, धुलाईची सोय केली, सामान मिळवले, हिशेब ठेवले, लष्करी डॉक्टरांचा विरोध सोसला आणि मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रेही लिहिली. रात्री दिवा घेऊन फेरी मारायच्या, ती या सगळ्यानंतर. तरीही पहिल्या हिवाळ्यात तिथे चार हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. त्यातले बहुतेक जखमांनी नव्हे, तर जुलाब, हगवण, कॉलरा, टायफस यांसारख्या आजारांनी. मार्च १८५५ मध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे धुऊन काढली, हवा खेळती केली आणि त्यानंतर मृत्यू झपाट्याने कमी झाले.

मे १८५५ मध्ये क्रिमियातील बालाक्लावा येथे त्यांना जबर ताप आला. दोन आठवडे जीव टांगणीला लागला होता, केस कापावे लागले. अंगात जेमतेम ताकद येताच त्या घरी न जाता पुन्हा कामावर गेल्या. परतल्या त्या युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १८५६ मध्ये. स्वागत-सत्कार टाळण्यासाठी त्यांनी मिस स्मिथ या नावाने प्रवास केला.

मग त्या कोसळल्या केव्हा?

युद्धात नाही, युद्धानंतर. घरी आल्यावर विसावा घेतलाच नाही. राणी व्हिक्टोरियाला भेटून लष्कराच्या आरोग्याच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावे म्हणून त्या मागे लागल्या. १८५७ मध्ये कमिशन नेमले गेले. स्त्री असल्यामुळे त्या सदस्य होऊ शकत नव्हत्या, पण आकडेवारी, साक्षीदारांना विचारायचे प्रश्न, अहवालाचे मसुदे असे पडद्यामागचे काम बव्हंशी त्यांचेच होते.

संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृत्यूंचे आकडे मांडताना स्कुटारीतले बहुतेक मृत्यू टाळता आले असते, हे त्यांच्यासमोर उघड झाले. स्वतःच्या देखरेखीखालच्या रुग्णालयात हे घडले, या जाणिवेने त्या आतून मोडल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांना वाटते. ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. धडधड, धाप, अन्न नकोसे होणे, कमालीचा अशक्तपणा. मृत्यू जवळ आला असे समजून त्यांनी निरवानिरवही करून ठेवली.

पुढच्या पिढ्यांत कोणी याला मनाचे खेळ म्हटले, कोणी ढोंगही म्हटले. अलीकडच्या काळात अनेक वैद्यकीय अभ्यासकांचा कल दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ब्रुसेलोसिस या संसर्गाकडे आहे. न उकळलेल्या दुधातूनही तो होतो. त्याचा जंतू १८८७ मध्ये सापडला, म्हणजे नाइटिंगेल यांच्या डॉक्टरांना त्याची कल्पना असणे शक्यच नव्हते. थकलेल्या स्त्रीच्या तक्रारीला मनाचे खेळ म्हणून मोकळे होण्यात काय धोका आहे, हे या एका उदाहरणावरून कळते.

त्यांनी स्वतःला कसे सांभाळले?

पहिली पायरी जागा बदलण्याची होती. मॉल्व्हर्न या डोंगराळ गावी तेव्हा जलोपचार चालत : थंड पाण्याची स्नाने, ओल्या चादरी, स्वच्छ हवा, साधा आहार. पाण्यात औषधी गुण किती होते हा भाग वेगळा, पण लंडनचे काम आणि घरच्यांची वर्दळ यापासून तिथे सुटका होती. सोबतीला मेरी स्मिथ, म्हणजे घरच्यांच्या ‘आंट माय’ होत्या. त्या नाइटिंगेल यांच्या सख्ख्या आत्या आणि आईच्या भावाशी लग्न झाल्यामुळे मामीही. स्कुटारीलाही त्या सोबतीला गेल्या होत्या.

दुसरी पायरी भेटींवर बंधन. आधी ठरवल्याशिवाय कोणीही यायचे नाही, आले तर एका वेळी एकानेच. हा नियम आई आणि बहिणीलाही होता. प्रकृतीचे कारण सांगितल्यामुळे समाजाला तो मान्य करावा लागला. त्या काळच्या अविवाहित मुलीने वेळ माझा आहे असे म्हटले असते, तर कोणी ऐकले नसते.

तिसरी पायरी कामाचे स्वरूप बदलण्याची. दौरे, समारंभ, भाषणे बंद. काम पत्रांनी आणि अहवालांनी. डॉ. जॉन सदरलंड यांच्यासारखे जुने सहकारी घरी येऊन काम करत. पलंगाभोवती कागद, बाहेर पाहायला खिडकी आणि घरभर पर्शियन मांजरे. त्यातल्या एकाचे नाव बिस्मार्क होते. १८६५ मध्ये वडिलांनी लंडनच्या साउथ स्ट्रीटवर घर घेऊन दिले, तिथे त्या अखेरपर्यंत राहिल्या.

‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये थकलेल्यांसाठी काय आहे?

१८५९ च्या अखेरीस आलेले हे छोटे पुस्तक नर्सेससाठीचे पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नव्हते. घरात कोणाची तरी सेवा करावी लागणाऱ्या सर्वसामान्य स्त्रियांसाठी ते होते. लेखिका स्वतः आजारी होती, म्हणून त्यात रुग्णाच्या बाजूने पाहिलेले बरेच काही आहे.

हवा आणि उजेड औषधाइतकेच आवश्यक आहेत, असे ते सांगते. अकारण आवाज, विशेषतः दाराबाहेरची कुजबुज, रुग्णाला थकवते. त्याच त्या भिंती पाहून मन झिजते, म्हणून रंग, फुले, खिडकीबाहेरचे दृश्य यांचा परिणाम शरीरावरही होतो. दीर्घकाळ आजारी असलेल्याला एखाद्या छोट्या पाळीव प्राण्याची सोबत चांगली. आणि भेटायला येऊन लवकर बरी होशील म्हणणाऱ्या, न मागता सल्ले देणाऱ्या लोकांवर तर एक अख्खे प्रकरण आहे.

सर्वांत उपयोगाचे प्रकरण व्यवस्थेवरचे आहे. आपण हजर असताना जे नीट होते, ते आपण नसतानाही नीट व्हावे, अशी घडी बसवणे म्हणजेच सांभाळणे, असा त्याचा आशय. माझ्याशिवाय घरातले पान हलत नाही, याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईला त्यांच्या मते व्यवस्था जमलेली नसते.

डॉक्टर तेव्हा स्त्रियांना काय सांगत?

१८७० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी थकलेल्या, उदास स्त्रियांसाठी पूर्ण विश्रांतीची उपचारपद्धती आणली. अनेक आठवडे पलंगावर पडून राहायचे, भरपूर खायचे, भेटीगाठी बंद, वाचन-लेखनही बंद. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांच्यावर १८८७ मध्ये हा उपचार झाला. बौद्धिक काम जवळपास सोडायचा सल्ला मिळाल्यावर त्या वेडाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या. तो सल्ला झुगारून पुन्हा कामाला लागल्यावर त्या सावरल्या आणि १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली.

नाइटिंगेल यांची खोली बाहेरून तशीच दिसत होती : पलंग, बंद दार, मोजकी माणसे. फरक इतकाच, की दार कोणासाठी उघडायचे आणि दिवसभर काय करायचे हे त्या स्वतः ठरवत.

या खोलीचा मुंबई-पुण्याशी काय संबंध?

भारतातील ब्रिटिश लष्कराच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये रॉयल कमिशन नेमले गेले. नाइटिंगेल यांनी भारतातल्या लष्करी ठाण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवल्या आणि आलेल्या उत्तरांचे ढीग घरी बसून तपासले. १८६३ च्या अहवालातून दिसले, की हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू होत होते. पाणी, गटारे, बराकी सुधारल्यावर दहा वर्षांनी त्यांनी मांडलेला आकडा १८ होता.

मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रियर १८६७ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांचे स्नेही आणि सल्लागार झाले. पुढे नाइटिंगेल यांचे लक्ष सैनिकांकडून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्यांचे कर्ज हे त्यांचे विषय बनले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. भारतात मात्र त्या कधीच येऊ शकल्या नाहीत.

ही वाट सगळ्यांसाठी आहे का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. नाइटिंगेल यांच्याकडे वडिलांचा पैसा, नोकरचाकर आणि हाकेला धावणारी माणसे होती. आंट माय आपले घर सोडून त्यांच्याकडे राहिल्या. १८६० मध्ये त्या स्वतःच्या कुटुंबाकडे परतल्या, तेव्हा भाचीने इतके मनाला लावून घेतले की पुढे अनेक वर्षे संबंध तुटला. सिडनी हर्बर्ट गंभीर आजारी असताना त्यांनी जबाबदाऱ्या कमी करू पाहिल्या, त्यावरही त्या नाराज झाल्या. २ ऑगस्ट १८६१ रोजी हर्बर्ट गेले. रुग्णाला शांतता हवी हे सांगणाऱ्या बाईने ती आपल्या जवळच्यांना नेहमीच दिली नाही.

हर्बर्ट यांच्या मृत्यूनंतर १८६१ च्या अखेरीस त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली आणि नंतरची सुमारे सहा वर्षे बहुतांश अंथरुणात गेली. पाठीच्या वेदना इतक्या, की काही काळ अफूची सुई घ्यावी लागली. एक घर बदलून, चार नियम करून थकवा गेला असे झाले नाही. चढउतार होत राहिले. स्वतःला काही प्रमाणात वाचवतानाही त्या स्वतःला दामटतच होत्या.

शेवटी बऱ्या झाल्या का?

साठी गाठताना प्रकृतीला उतार पडत गेला. पाठीचे दुखणे ओसरले, वजन वाढले, हिंडणे-फिरणे सुरू झाले. स्वभावही निवळला. वडील १८७४ मध्ये गेल्यानंतर त्यांनी वृद्ध आईकडे लक्ष दिले, आई १८८० मध्ये गेली. आंट मायशी पुन्हा बोलणे सुरू झाले. जिच्याशी आयुष्यभर पटले नाही, त्या पार्थेनोपी या बहिणीच्या आजारपणात त्या तिच्या गावी जाऊन राहू लागल्या. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या नावाच्या प्रशालेतल्या मुलींना त्या घरी बोलावत, त्यांची चौकशी करत, दमलेल्यांना सुटीवर पाठवत. जे स्वतः केले नव्हते, ते पुढच्या पिढीला करायला लावले.

१९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर दृष्टी गेली होती, स्मृतीही साथ देत नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या गावी साधेपणाने अंत्यविधी झाला.

आज यातून काय घ्यायचे?

घरात पर्शियन मांजरे आणि तीन नोकर नसले तरी काही गोष्टी शक्य आहेत. दिवसातला एक तास असा, जेव्हा फोनही नाही आणि कोणी हाकही मारायची नाही, हे घरात सांगून ठेवणे. डबा, औषधे, मुलांच्या शाळेचे वेळापत्रक एकीच्या डोक्यात न ठेवता भिंतीवर लिहिणे, म्हणजे ते दुसऱ्यालाही करता येईल. खिडकीपाशी बसणे. सगळे सोडण्याऐवजी कोणते काम उभारी देते आणि कोणते फक्त शोषून घेते, हे वेगळे करणे.

महिन्यामागून महिने टिकणारा थकवा मात्र ताण म्हणून सोडून देऊ नये. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, रेंगाळलेला संसर्ग यांची तपासणी आधी करून घ्यावी. जगणे नको वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे, तिथे मराठीतही बोलता येते. रुग्णालये आणि कार्यालयांनी तर हार्ली स्ट्रीटवरच्या घंटा आणि लिफ्ट आठवाव्यात. सलग ड्युट्या, अपुरे मनुष्यबळ आणि बसायला खुर्ची नसलेला वॉर्ड तसाच ठेवून १२ मे रोजी सिस्टरच्या हातात गुलाबाचे फूल देणे, हे नाइटिंगेल यांना नक्कीच पटले नसते.